मोडलेल्या शपथेचे काय करावे?

देवापुढे घेतलेली शपथ मोडली, तर मोडणाऱ्याने काय करावे आणि ती मोडलेली पाहणाऱ्या समाजाने काय करावे, हा प्रश्न फार जुना आहे. प्रस्तुत लेखात त्याचा विचार एकाच शपथेच्या अनुषंगाने करावयाचा आहे; ती शपथ म्हणजे मद्य सोडण्याची. मंदिराच्या नित्य व्यवहाराशी ज्यांचा संबंध येतो त्यांना ती अपरिचित नाही. घरातील वडीलधारी मंडळी किंवा पत्नी त्या मनुष्याला घेऊन येते. स्नान करून, धूतवस्त्र नेसून तो गाभाऱ्यासमोर उभा राहतो. पुजारी त्याच्या तळहातावर तुळशीपत्र ठेवतो. ‘आजपासून शिवणार नाही’ एवढे शब्द तो उच्चारतो आणि नारळ फुटतो. माझे वडील पुजारी असल्यामुळे हा प्रसंग मी लहानपणापासून अनेकदा पाहिला आहे. त्या क्षणी तो मनुष्य खोटे बोलत आहे असे मला कधीही वाटले नाही. तरीही त्यांपैकी पुष्कळांची शपथ महिन्या-दोन महिन्यांत मोडते, हेही तितकेच खरे आहे. ही दोन्ही सत्ये एकाच मनुष्याच्या ठिकाणी कशी नांदतात, याचा उलगडा झाल्यावाचून आपण त्याच्याशी कसे वागावे हे ठरविता येणार नाही.

मद्याविषयी आपल्या समाजाची दृष्टी कालमानाने पालटत आली आहे. मनुस्मृतीने सुरापानाची गणना महापातकांत केली आणि अशा पातक्यांशी दीर्घकाळ संसर्ग ठेवणे हेही पाचवे महापातक मानले. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीपर्यंत या दृष्टीची छाया घराघरांवर होती. पिणारे तेव्हाही होते. परंतु ते चोरून पीत, आणि घरची माणसे ते झाकून ठेवीत. पाहुणे आले तर ‘त्यांची प्रकृती जरा बरी नाही’ असे सांगून आतल्या खोलीचे दार लोटून घेण्याची रीत होती. पुढे बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षीच्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या कक्षेत आपण आलो. १९६० साली गुजरात राज्य वेगळे झाले. महाराष्ट्राने पुढे परवान्यांची वाट मोकळी केली. गुजरातने बंदी कायम ठेवली. म्हणजे शास्त्राचा निषेध, कुळाची लाज आणि राज्याचा कायदा अशा तिहेरी तटबंदीत बडोद्यातील मराठी माणूस आज दोन-तीन पिढ्या राहत आहे.

ही तटबंदी आता किती शाबूत आहे, हे आपण सर्व जाणतो. सुटी लागली की दमणची किंवा अबूची सहल निघते, आणि ती समुद्रासाठी वा डोंगरासाठी निघते असे कोणी गंभीरपणे म्हणत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरच्या गिफ्ट सिटीपुरती सरकारनेच बंदी शिथिल केली. परंतु कायद्यापेक्षा मोठा बदल घरांत झाला आहे. लग्नाच्या आदल्या रात्री तरुण मंडळींची बैठक कोठे आहे, हे वडील मंडळींना ठाऊक असते आणि ती न विचारण्याचे सौजन्य दाखवितात. परदेशातून आलेला भाचा मामासाठी बाटली आणतो आणि मामी ती कपाटात जपून ठेवते. ‘नको’ म्हणणारा मुलगा आपल्या मित्रांत जुनाट ठरतो. ‘थोडी घेतली तर काय बिघडते?’ हे वाक्य पूर्वी पिणारा म्हणत असे; आता न पिणाराही म्हणू लागला आहे. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टच सांगितले आहे की, आरोग्याला निर्धोक म्हणता येईल असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. तेव्हा ‘थोडी’ या शब्दाला विज्ञानाचा आधार आहे, असे मानून कोणी समाधान करून घेऊ नये.

या स्थितीवर सुजाण मंडळींकडून दोन प्रकारची मते ऐकू येतात. पहिला पक्ष म्हणतो की, लाज सुटली म्हणून हे सारे घडले. ती पुन्हा बसविली पाहिजे. मद्यपी मनुष्याला मंदिराच्या मंडळात घेऊ नये, पालखीला खांदा देऊ देऊ नये, आणि शपथ मोडणाऱ्यास तर उंबरठाही ओलांडू देऊ नये. दुसरा पक्ष म्हणतो की, काळ बदलला; मद्यपान ही ज्याची त्याची खाजगी गोष्ट आहे, मंदिराने तीत पडू नये. या दोन्ही पक्षांत तथ्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुरे आहेत, असे माझे नम्र मत आहे.

पहिल्या पक्षाचे म्हणणे आधी पाहू. भय आणि लाज यांचे सामर्थ्य कोणी नाकारणार नाही. ज्याने पहिला पेला हाती घेतलेला नाही अशा मुलाला आईबापांची लाज वाचविते. कायद्याचेही तसेच. मद्य सहज मिळत नसेल तर पुष्कळ जण त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणून दारूबंदी व्यर्थ आहे असे मी म्हणणार नाही. परंतु एवढ्याने काम भागत नाही, हे महाभारतकारांनी दाखवून ठेवले आहे. मौसलपर्वात, अनिष्टाची चाहूल लागल्यावर द्वारकेत दवंडी पिटविली जाते की यापुढे नगरात कोणी मद्य तयार करू नये. करील त्याला सुळावर चढविण्यात येईल. याहून कडक कायदा कोणता असणार? राज्यही साक्षात श्रीकृष्णाचे. तरीही तेच यादव प्रभासतीर्थी जातात, तेथे मनसोक्त पितात, जुने वैर उकरून काढतात आणि आपापसांत लढून नष्ट होतात. द्वारका आणि प्रभास ही दोन्ही क्षेत्रे आपल्याच गुजरातेत आहेत. नगरात बंदी होती, तृष्णा मात्र यादवांच्या बरोबर प्रभासापर्यंत गेली. आपल्या काळातही २००९ साली अहमदाबादेत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली आणि २०२२ साली बोटाद जिल्ह्यात पुन्हा तोच अनर्थ झाला. दंडाचे भय असूनही ज्याचा हात विषाच्या पेल्याकडे जातो, त्याला आणखी भय दाखवून काय साधणार?

लाजेचीही तीच गत आहे. दाराची कडी बाहेरच्याला आत येऊ देत नाही हे खरे. पण आत कोंडलेल्यालाही तीच कडी बाहेर पडू देत नाही. जी लाज मुलाला पहिल्या पेल्यापासून दूर ठेवते, तीच लाज व्यसनी मनुष्याला ‘मला मदत करा’ असे म्हणू देत नाही. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेली राष्ट्रीय पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत असे आढळले की देशात सुमारे १६ कोटी लोक मद्य घेतात, त्यांतील सुमारे ५ कोटी ७० लाख लोकांना त्यापायी मदतीची गरज आहे, आणि मद्याच्या पुरते अधीन झालेल्या ३८ जणांपैकी केवळ एकाला काही उपचार लाभला. उरलेले ३७ कोठे आहेत? काही रुग्णालयापासून दूर आहेत, काही गरिबीने अडले आहेत. परंतु पुष्कळसे आतल्या खोलीच्या लोटलेल्या दारामागे आहेत, असे मला वाटते.

आता दुसरा पक्ष. मद्यपान ही खाजगी गोष्ट आहे, हे ज्याने व्यसनी मनुष्याचे घर आतून पाहिले आहे तो कधीही म्हणणार नाही. पगार खाजगी नसतो, तो चुलीपर्यंत जातो. रात्रीचा आरडाओरडा खाजगी नसतो, तो दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसणाऱ्या मुलीच्या कानांवर पडतो. शिवाय ज्याला आपण त्याची ‘इच्छा’ म्हणून मान देऊ पाहतो, ती त्याची इच्छा उरलेली तरी असते काय? अर्जुनाने गीतेच्या तिसऱ्या अध्यायात नेमके हेच विचारले आहे की, मनात नसतानाही, कोणी बळाने ओढून न्यावे तसा मनुष्य पाप का करतो? भगवंतांनी उत्तरादाखल काम आणि क्रोध यांची नावे घेतली आणि काम हा कधीही तृप्त न होणारा वैरी आहे असे बजावले. दुसऱ्या अध्यायात तर त्याहून सूक्ष्म गोष्ट सांगितली आहे. विषय सोडले तरी त्यांची गोडी आत शिल्लक राहते. पेला खाली ठेवणे ही अर्धी गोष्ट झाली. गोडी जाणे ही उरलेली अर्धी. शपथेने पेला खाली ठेवता येतो. शपथेने गोडी जात नाही. आरंभी जी दोन परस्परविरोधी सत्ये सांगितली, त्यांचा उलगडा येथे होतो. शपथ घेणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. तो पेल्याबद्दल बोलत असतो, आणि गोडीवर अद्याप त्याची सत्ता चालत नसते.

वैद्यकशास्त्रानेही आपल्या परीने हेच सांगितले आहे. अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ साली मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. दीर्घकाळ रोज मद्य घेणाऱ्याचा मेंदू आणि मज्जासंस्था मद्याशी जुळवून घेतात. ते एकाएकी बंद केले की हात थरथरतात, घाम सुटतो, झोप उडते. काहींना फेफऱ्यासारखे झटके येतात, आणि दोन-तीन दिवसांत भ्रम होऊन प्राणावरही बेतू शकते. म्हणून अशा मनुष्याने वैद्यांच्या देखरेखीखालीच मद्य सोडावे, असे शास्त्र सांगते. देवापुढे शपथ घालून त्याला घरी नेऊन खोलीत बसविणारी माणसे प्रेमाने वागत असतात यात शंका नाही. पण त्यांना हे ठाऊक नसते. तद्वतच, मद्याची किळस यावी म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळ्या त्याच्या नकळत आमटीत किंवा चहात मिसळण्याचा प्रकार काही घरांतून होतो. गोळी पोटात असताना त्याने मद्य घेतले तर जिवाला धोका संभवतो. ही गोळी रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने आणि वैद्यांच्या सल्ल्यानेच द्यावयाची असते.

येथे कोणी विचारील, ‘हा आजार असेल तर मद्यपी मनुष्याकडे दोष काहीच उरला नाही काय? मग पाप-पुण्याची भाषाच नको!’ शंका योग्य आहे. माझ्या अल्पमतीप्रमाणे तिचे उत्तर असे की, आजार जडण्याचा दोष आणि उपचार घेण्याची जबाबदारी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. मधुमेही मनुष्याला ‘तुला मधुमेह का झाला’ म्हणून आपण पापी ठरवीत नाही. पण त्याने पथ्यच पाळावयाचे नाही असे ठरविले, तर घरच्यांनी त्याला बोल लावणे अन्यायाचे होत नाही. मद्यपीची इच्छाशक्ती क्षीण झालेली असते, नष्ट झालेली नसते. आज रात्री मोह आवरण्याचे बळ त्याच्यात नसेल. पण उद्या सकाळी वैद्यांकडे चालत जाण्याचे बळ असते. जेवढे बळ शिल्लक आहे तेवढ्यापुरता तो उत्तरदायी आहे, आणि तेवढे बळ वाढविण्यास आपण साहाय्य केले नाही तर आपणही उत्तरदायी आहोत.

या दुसऱ्या उत्तरदायित्वाचे चित्र मराठी रंगभूमीने शंभर वर्षांपूर्वी उभे केले, आणि तेही आपल्या बडोद्यात. राम गणेश गडकरी यांच्या ‘एकच प्याला’ या नाटकाचा पहिला प्रयोग गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली येथेच केला. गडकरी त्याच वर्षी जानेवारीत निवर्तले होते. आपले नाटक रंगभूमीवर आलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. सुधाकराचा अधःपात आणि सिंधूचा पतिव्रताधर्म सर्वांच्या स्मरणात आहे. परंतु त्या नाटकातील एका प्रसंगाकडे आपले लक्ष पुरेसे जात नाही. सुधाकर मध्यंतरी मद्य सोडतो. मनापासून सोडतो. मग प्रामाणिकपणे काम मिळवावे म्हणून तो प्रतिष्ठित मंडळींच्या दारी जातो, आणि तेथे त्याच्या वाट्याला अवहेलना येते. पूर्वीच्या मद्यपीवर विश्वास कोण ठेवणार? त्यानंतर तो जो पुन्हा घसरतो तो सावरतच नाही. पहिल्या पेल्याचा दोष सुधाकराचा खरा. पण या दुसऱ्या पतनात त्या प्रतिष्ठित मंडळींचा वाटा किती, हा प्रश्न गडकऱ्यांनी प्रेक्षागृहात बसलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढेच टाकला होता. तो आज आपल्यापुढेही आहे.

मी जे लिहीत आहे ते केवळ ग्रंथांवरून लिहीत नाही. आपल्या भजनात पूर्वी पखवाज वाजविणारे एक गृहस्थ होते. कारखान्यात कुशल कामगार, हात गोड, स्वभाव अबोल. मद्य सोडण्याची शपथ त्यांनी देवापुढे तीनदा घेतली आणि तीनदा मोडली. तिसऱ्यानंतर ते मंदिरात येईनासे झाले. एकादशीला त्यांची पत्नी एकटीच येई. एकदा आरतीनंतर तिने वडिलांना म्हटले, “गुरुजी, शपथ घातली नसती तर निदान देवळात तरी येत राहिले असते.” तक्रारीचा सूर नव्हता, पण वडील त्या दिवशी जेवले नाहीत. ज्या शपथेने मनुष्य देवाशी जोडला जावा, तीच मोडल्यावर त्याला देवापासून तोडते. मद्याचे पातक होतेच, त्यावर शपथभंगाचे चढले, आणि ज्याच्यापुढे क्षमा मागावयाची त्याच्यासमोर उभे राहण्याचीच लाज वाटू लागली. अशा मनुष्याला मग जाण्यासारखे एकच ठिकाण उरते, आणि तेथे त्याला लाज वाटत नाही.

काही दिवसांनी वडील स्वतः त्यांच्या घरी गेले. मी बरोबर होतो. वडिलांनी उपदेश केला नाही. इतकेच म्हणाले, “आता शपथ नको. उद्या काकडआरतीला या. परवाचे परवा पाहू.” ते गृहस्थ खाली मान घालून बसले होते, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र आले आणि मागच्या खांबाशी उभे राहिले. पुढे वडिलांच्या आग्रहाने त्यांनी रुग्णालयात राहून उपचार घेतला. तीन-चार महिने बरे गेले, मग नात्यातील एका लग्नात पुन्हा घसरले. या वेळी फरक एवढाच पडला की, दुसऱ्याच दिवशी ते मंदिरात आले आणि बाहेरच्या ओट्यावर बसून राहिले. पूर्वी परतायला वर्ष लागे. आता एक रात्र लागली.

त्या ओट्यावर बसण्यावरूनच आपल्या मंडळींत वाद झाला, हे वाचकांस स्मरत असेल. आक्षेप घेणारे सज्जन होते आणि त्यांचा आक्षेप धर्मनिष्ठेतून आलेला होता. मंदिराचे पावित्र्य राखणे हे पुजाऱ्याचे पहिले कर्तव्य. काल प्यालेला मनुष्य आज मंदिरात कसा? संसर्गालाच जेथे महापातक म्हटले, तेथे त्याला जवळ करणे योग्य काय? या आक्षेपाला थट्टेवारी नेणे उचित होणार नाही. परंतु पावित्र्य राखण्याची रीत आपल्याच आचारधर्मात आहे. ज्याच्या घरी सुतक असते तो मनुष्य दहा दिवस गाभाऱ्याजवळ येत नाही. तो स्वतःच दूर राहतो आणि त्यात अपमान मानीत नाही. पण म्हणून त्याला कोणी वाळीत टाकीत नाही; उलट त्याच दिवसांत शेजारीपाजारी त्याच्या घरी पिठलेभात पोहोचवितात. मर्यादा आणि माया एकाच वेळी पाळता येतात, हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मद्याच्या अंमलाखाली असलेल्या मनुष्याने सभामंडपात येऊ नये, हा नियम योग्यच आहे. अंमल उतरल्यावर स्नान करून आलेल्या मनुष्याला मात्र ‘काल कोठे होतास?’ असे कोणी विचारू नये.

संसर्गाविषयी शास्त्राने जे म्हटले त्याचा हेतू, दुर्बळाने पतिताच्या संगतीने स्वतः पतित होऊ नये, हा असावा. सबळांनी पतिताला हात देऊ नये असा त्याचा अर्थ लावला, तर प्रायश्चित्ताचे अध्याय लिहिण्याचे प्रयोजनच काय होते? ज्या परंपरेने पातकांची यादी केली तिनेच परतीची वाटही लिहून ठेवली. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. ब्राह्मणाने मद्य घेऊ नये ही मर्यादा घालणारे शुक्राचार्य स्वतः मद्याने फसलेले होते. असुरांनी कचाची राख सुरेत कालवून दिली आणि शिष्यच पोटात गेला हे त्यांना नंतर कळले. त्या अनुभवातून त्यांनी मर्यादा सांगितली. पडलेल्याने सांगितलेली मर्यादा म्हणून महाभारताने तिला कमी लेखले नाही.

हेच तत्त्व अर्वाचीन काळी दूरदेशी वेगळ्या रूपाने प्रत्ययास आले. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी दोन मद्यासक्त गृहस्थांची भेट झाली. बिल विल्सन हे न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराशी संबंधित, तर डॉ. बॉब स्मिथ हे शल्यवैद्य. एका मद्यपीने दुसऱ्याशी मनमोकळे बोलले असता दोघांचीही तृष्णा आवरते, असा त्यांना अनुभव आला, आणि त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ ही चळवळ उभी राहिली. १९५७ साली ती मुंबईत आली. तेथे जन्मभराची शपथ घालीत नाहीत; ‘आजचा दिवस’ एवढाच संकल्प असतो. घसरलेला मनुष्य पुन्हा बैठकीस आला तर त्याला जागा करून देतात. पुण्यात डॉ. सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केले. तेथेही व्यसनातून बाहेर पडलेली माणसे नव्या रुग्णांना हात देतात.

हे वाचून आपल्याला काही अपूर्व कळले असे मात्र नाही. वारकरी संप्रदायात माळ घालून मद्य सोडलेल्या माणसांची संख्या कोण मोजणार? ती माळ म्हणजे एकट्याने उच्चारलेली शपथ नसते. तिच्याबरोबर महिन्याच्या दोन एकादशा येतात, पंढरीची वारी येते, नित्य हरिपाठ येतो, आणि मुख्य म्हणजे त्या वाटेने चालणारी माणसे येतात. ज्या संध्याकाळी जीव कासावीस व्हावा त्या संध्याकाळी हातात टाळ दिलेला असतो, आणि शेजारच्याचा टाळ चुकू नये म्हणून तरी तो वाजवावा लागतो. गोडी जाण्यास दुसरी गोडी लागावी लागते. सत्संग या शब्दाचा हा अगदी व्यवहारी अर्थ आहे. शपथ घालून मनुष्याला एकटे घरी पाठविणे म्हणजे माळेतील दोरा सोडून एक मणी त्याच्या हाती देणे होय.

सहाव्या अध्यायात अर्जुनाने विचारले की, श्रद्धा असूनही जो मध्येच योगापासून ढळला, तो फाटलेल्या ढगासारखा दोहींकडून भ्रष्ट होऊन नाश पावतो काय? भगवंतांनी त्याला आश्वासन दिले की कल्याणाच्या वाटेने जाणाऱ्याची दुर्गती होत नाही. जेथे सुटले तेथून तो पुन्हा उचलतो. सोडू पाहणारा मद्यपी हा योगी नव्हे, हे मला समजते. पण सोळा दिवस तृष्णेशी झुंजून सतराव्या दिवशी पडलेल्या मनुष्याचे ते सोळा दिवस वाया गेले, असे म्हणण्याचा अधिकार या उत्तरानंतर आपल्याला राहत नाही.

मात्र एका बाबतीत गैरसमज होऊ नये. येथे जी क्षमा सांगितली ती समाजाने करावयाची आहे. तिचा भार पत्नीवर लादावयाचा नाही. सिंधूने सारे सोसले म्हणून प्रेक्षकांनी अश्रू ढाळले. पण त्या सोसण्याने सुधाकर सुधारला नाही आणि सिंधू प्राणास मुकली, हेही गडकऱ्यांनीच दाखविले आहे. मद्याच्या भरात हात उगारणाऱ्याचा आजार हे त्या माराचे समर्थन होऊ शकत नाही. अशा वेळी स्त्रीने मुलांना घेऊन माहेरी किंवा अन्यत्र सुरक्षित स्थळी जावे, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचा आधार घ्यावा, आणि तिला ‘संसार मोडू नकोस’ असा सल्ला देण्याआधी आपण स्वतःच्या मुलीला तो दिला असता काय, याचा विचार करावा. दार उघडे ठेवणे हे मंदिराचे काम आहे. ते घराला बंद करावे लागले तर घराला दोष देऊ नये.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे की, मोडलेल्या शपथेचा हिशेब ठेवू नये. मनुष्याला परत यावयास किती दिवस लागले याचा ठेवावा आणि ते दिवस कमी करण्यास झटावे. त्यासाठी आपल्याला करता येण्याजोग्या गोष्टी थोड्या आहेत, पण त्या हातच्या आहेत. लग्न-मुंजीच्या यजमानांनी आदल्या रात्रीची बैठक ठेवूच नये. न पिणाऱ्या मुलाला आणि सोडलेल्या मनुष्याला त्याहून मोठा आधार नाही. ज्याला सोडावयाचे आहे त्याला प्रथम वैद्यांकडे न्यावे. केंद्र सरकारची १४४४६ ही विनामूल्य दूरध्वनी साहाय्यसेवा आहे, तेथेही विचारणा करता येते. आणि तो मंदिरात आला तर त्याला काही काम द्यावे. समया घासणे, सभामंडप झाडणे, टाळ धरणे, काहीही. रिकामा मनुष्य मागच्या खांबाशी उभा राहतो आणि हळूच निघून जातो. काम असलेला मनुष्य थांबतो.

वर ज्या गृहस्थांचा उल्लेख आला, ते गेल्या आषाढीपासून प्यालेले नाहीत. पुढचे मी सांगू शकत नाही, आणि तेही सांगत नाहीत. गुरुवारच्या भजनात पखवाजावर पुन्हा तेच बसतात. शाई जुनी झाली म्हणून तो परवा पुन्हा मढवून आणला, त्याची वर्गणी मंडळाने दिली. ज्यांनी ओट्यावरून आक्षेप घेतला होता त्यांनीही तीत आपला वाटा घातला, ही गोष्ट मी मुद्दाम येथे नमूद करतो.

पांडुरंगाने आपणां सर्वांस मद्याची घृणा आणि मद्यपीची कणव या दोन्ही गोष्टी एकदम द्याव्यात, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना.